आधी मूळघर, मग वेबसाइट

भार्गवी आणि आप्पा फणसळकर यांची पहिली भेट झाली तेव्हा मारुती मंदिरापासून जयस्तंभापर्यंतची वीज गेली, मोडेमने मान टाकली आणि समोरच्या भुसारी दुकानातले मांजर पुढे कित्येक दिवस पोत्यांमागून बाहेर आले नाही. हे सगळे आप्पांच्या आवाजाने झाले असे भार्गवी आजही शपथेवर सांगते. तिच्या नेट कॅफेतल्या मागच्या केबिनमध्ये एक गृहस्थ पडदा ओढून काहीतरी बघत बसले होते. आपल्या शाळेतले हेडमास्तरच आले असे समजून ते ताडकन उभे राहिले, आणि उभ्याउभ्याच पैसे ठेवून निघून गेले. आप्पांनी मात्र फक्त एवढेच विचारले होते,

"इंटरनेट इथेच काय?"

भार्गवी काउंटरवरून म्हणाली, "हो काका. पण आता लाइट गेलेत."

"मग आधी होतं का?"

"होतं."

"म्हणजे जागा बरोबर आहे," आप्पा समाधानाने म्हणाले. त्यांनी चपला बाहेरच्या पायरीवर काढल्या, छत्री कोपऱ्यात उभी केली, कॉम्प्युटरच्या काळ्याठिक्कर पडद्याला देवाला करतात तसा अर्धा नमस्कार केला आणि त्याच्यासमोर बसून राहिले. वीज येईपर्यंत त्यांनी भार्गवीचे गाव, गोत्र, आजोळ आणि आजोळचे आजोळ एवढे विचारून घेतले होते. तिच्या आजीचे माहेर अलोऱ्याकडचे आहे हे कळताच ते म्हणाले, "म्हणजे तू आमच्यातलीच. काका नको म्हणू गो, आप्पा म्हण." ही २००१ सालची गोष्ट. त्या दिवसापासून भार्गवीची सुटका झाली नाही.

आप्पांच्या आवाजाला कारण होते. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडण्यात काढली होती. दिल्ली, कलकत्ता आणि गुहागर या तिन्ही ठिकाणी ओरडूनच बोलायचे असते, अशी त्यांची त्या काळात खात्री पटलेली होती. त्यातही गुहागरला जास्त. निवृत्त झाल्यावर ऑपरेटरची खुर्ची गेली, पण जोडून देण्याची खोड राहिली. कोणाला लग्नाची मुलगी, कोणाला हाफूसची कलमे, कोणाला मुंबईतला डॉक्टर, आप्पा लगेच म्हणत, "थांबा, जोडून देतो." बहुतेक वेळा चुकीच्या माणसाशी जोडून देत. पण जोडलेली माणसे एकमेकांशी बोलायला लागली की मूळ काम काय होते ते विसरून जात, त्यामुळे आप्पांचे नाव खराब झाले नाही.

पुढे त्यांनी सगळ्यांत मोठे काम हाती घेतले. जगभर पांगलेले फणसळकर एकमेकांना जोडून द्यायचे. त्यासाठी वेबसाइट हवी असे त्यांना कोणीतरी सांगितले, आणि कोणीतरी सांगितले की ती मारुती मंदिराजवळ भार्गवीकडे मिळते.

भार्गवीने वेबसाइट करून दिली. नाव ठेवले फणसळकर-रत्नागिरी-डॉट-कॉम. तिच्यावर रत्नागिरीलगतच्या पालीजवळील मूळघराचा फोटो होता. मूळघर म्हणजे लाल चिऱ्याचे, कौलारू, नीटनेटके असे तीन खणांचे घर. राहायला कोणी नाही, पण देवघर जागते. शेजारची काशी रोज संध्याकाळी तिथे दिवा लावते. सगळ्या फणसळकरांचे देव तिथे, आणि घराण्याची एकच रीत कडक: नवे लग्न झाले, नवे घर बांधले, परदेशातून माणूस आला, काहीही असो, आधी मूळघरी जाऊन डोके टेकवायचे, मग पुढे. नवी सून मांडवातून थेट सासरी गेली असे फणसळकरांत कधी झाले नाही. एका सुनेला वरात उलटीकडे वळवून भर दुपारी पालीला नेले होते. ती माहेरची साताऱ्याची. अजून सांगते.

आप्पांना वेबसाइटचा इतका लळा लागला की ते रोज येऊन तिला बघून जात. पानावर नवे काही नसले तरी बघत. भार्गवीने एकदा कंटाळून त्यांना दोन-चार गोष्टी शिकवल्या: फोटो कसा चढवायचा, अक्षरे लाल कशी करायची, आणि एक गंमत म्हणून, पान उघडल्यावर माणसाला आपोआप दुसऱ्या पानावर कसे न्यायचे. ती एका ओळीची युक्ती होती. आप्पा ती ओळ बघून हरखले.

"म्हणजे माणूस इथे आला, की न विचारता तिकडे जोडून दिला!"

"हो आप्पा."

"तो नाही म्हणू शकत नाही?"

"नाही."

"वा! आमच्या खात्यात हे हवं होतं गो," आप्पा म्हणाले. त्या दिवशी कमलाकाकूंनी भार्गवीसाठी डब्यात घावने पाठवले. कमलाकाकू या आप्पांच्या पत्नी. आप्पा ज्या दिवशी भार्गवीला जास्त छळत, त्या दिवशी घावने येत. भार्गवीच्या घरी नाश्त्याचा प्रश्न बराचसा सुटला होता.

मग पुण्याचे फणसळकर जागे झाले.

पुण्यातल्या शाखेत यज्ञेश नावाचा पुतण्या होता. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, त्यामुळे घराण्यात त्याचा शब्द वैद्यासारखा मानला जाई. त्याने फोनवर सांगितले, "आप्पाकाका, साइटच्या नावातच रत्नागिरी आहे. इंदूरच्या फणसळकरांना वाटतं ही आपली नाहीच. नाव सगळ्यांचं हवं. मी फणसळकर-परिवार असं नवं नाव घेतलंय. साइट तिकडे हलवतो."

"रत्नागिरीने काय घाण केलीय?"

"तसं नाही हो काका..."

"इंदूरचे गेले कुठून इंदूरला? आभाळातून पडले?"

पण नाव बदलले. घराण्याच्या समितीने ठरवले, आणि आप्पा तिचे निमंत्रक असल्यामुळे त्यांनाच ठरावाला अनुमोदन द्यावे लागले. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट ठरली, आणि आप्पांचा जीव तीत अडकला. घराण्याचे पहिले कुलसंमेलन कुठे घ्यायचे, रत्नागिरीला की पुण्याला, हे नव्या वेबसाइटवर सगळ्यांनी मत देऊन ठरवायचे. मुदत पाडव्यापर्यंत. मते आली नाहीत तर पुणे, कारण तिथे यज्ञेशने एक कार्यालय धरून ठेवले होते. एसी, पार्किंग आणि जेवणात तीन प्रकारचे सॅलड.

आप्पांना सॅलडचे वाईट वाटले नाही. वाईट याचे वाटले, की जगभरचे फणसळकर गोळा होतील, एकमेकांना भेटतील, आणि मूळघर न बघता परत जातील. ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसेना. ते भार्गवीला म्हणाले, "एकदा सगळी त्या अंगणात उभी राहिलेली बघायचीत मला. एकदाच. मग सॅलड खा नाहीतर पाला खा."

वेबसाइट नव्या नावाखाली गेली, आणि दुसऱ्याच दिवशी कमलाकाकूंचा फोन वाजू लागला.

बडोद्याहून कोणाचा तरी जावई म्हणाला, "काकू, तुमची साइट फुगडी घालतेय. एक पान येतं, ते जातं, दुसरं येतं, तेही जातं, परत पहिलं येतं." न्यू जर्सीहून एक फणसळकर म्हणाले की त्यांना गरगरले आणि त्यांनी डॉक्टरची वेळ घेतली. इंदूरच्या एका आजी मात्र खूश होत्या. "श्री दिसतं, जातं. श्री दिसतं, जातं. मी हात जोडून बसले होते बराच वेळ. छान केलंय हो."

आप्पा धापा टाकत कॅफेत आले. "भार्गवी! पुणेकराने घात केला!"

भार्गवीने पत्ता टाइप केला. डायल-अप किरकिरले, खाकरले, जुळले. नवे पान उघडायला लागले, वर "श्री" एवढे दिसले, आणि पान गेले. जुने आले: "आम्ही नव्या घरी आलो आहोत, क्षणभर थांबा." ते गेले. पुन्हा "श्री". पुन्हा "क्षणभर थांबा." पडद्यावर जणू दोन यजमान एका पाहुण्याची पिशवी आपापल्या दाराकडे ओढत होते.

"हे पाहुणचाराचं लक्षण नाही," आप्पा म्हणाले.

भार्गवीने आधी वाट पाहिली. नाव नवीन असले की ते जगभर पसरायला दोन-एक दिवस लागतात, हे तिला ठाऊक होते. दोन दिवसांत फक्त एवढेच झाले, की आधी निम्म्या जगाला गरगरत होते, आता सगळ्याला गरगरायला लागले. मग तिने तिच्या कॉम्प्युटरमधली जुनी साठवलेली पाने पुसून टाकली. मग सगळ्यांना फोन करून त्यांची पुसायला लावली. बडोद्याच्या जावयाने त्या नादात ऑफिसचा हिशेब पुसला. मग तिने यज्ञेशला फोन लावला.

"माझ्याकडे नीट दिसतंय," यज्ञेश म्हणाला.

"आमच्याकडे कोणाकडेच दिसत नाहीये."

"रत्नागिरीच्या लाइनमध्ये प्रॉब्लेम असेल."

"आणि बडोद्याच्या? न्यू जर्सीच्या?"

"माझ्याकडे नीट दिसतंय," यज्ञेश पुन्हा म्हणाला. नंतर कळले की तो पहिले पान कधी उघडतच नसे. त्याने मतांचे आतले पान खूण करून ठेवले होते आणि थेट तिथेच उतरत असे, पुढचे दार सोडून परड्यातून घरात यावे तसा. "आणि काही नाही झालं तर पुणं आहेच की," एवढे बोलून त्याने फोन ठेवला.

पाडवा जवळ येत होता. मते जवळपास नव्हतीच. आप्पांचे येणे वाढले, बोलणे कमी झाले. हे दुसरे इतके अघटित होते की भुसारी दुकानातून माणूस विचारायला आला. कमलाकाकू स्वतः डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगो, यांनी काल वरणभात जेवताना मिठाचं नाव काढलं नाही. काल वरणात मीठच नव्हतं. काहीतरी कर."

भार्गवीने जुने पान तपासले. त्यात यज्ञेशने घातलेली ओळ होती: आलेल्याला नव्या पत्त्यावर सोड. ती बरोबरच होती. मग नवे पान का थांबत नाही? ते यज्ञेशने केलेले, म्हणून तिने आतापर्यंत त्याच्या पोटात शिरून बघितले नव्हते. पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या माणसाचे काम रत्नागिरीच्या नेट कॅफेने कशाला उपसावे? आता तिने पान अर्धवट थांबवले आणि आतला मजकूर उघडला.

वरच्या बाजूलाच तिला एक ओळ दिसली. ओळखीची. कोणाला तरी शिकवताना आपण जशी जरा जास्तच मोकळी जागा सोडून लिहितो, तशी लिहिलेली. ओळ म्हणत होती: आलेल्याला जुन्या पत्त्यावर सोड. तिच्याखाली एक चित्र होते. तिने ते वेगळे उघडले. ते वरून खाली एकेक पट्टी करत उतरू लागले, दुकानाचे शटर सावकाश ओढावे तसे. आधी "श्री". मग बराच वेळ काही नाही. मग आप्पांचे ठळक, गोल, टेलिफोन खात्यातल्या रजेच्या अर्जांवर घोटलेले अक्षर: "रीतीप्रमाणे प्रथम मूळघरी दर्शन घ्यावे. मग नव्या घरी यावे. घाबरू नये, आपोआप पोहोचवले जाईल."

आणि ते संपूर्ण उतरायच्या आत पान निघून जात असल्यामुळे जगातल्या एकाही फणसळकराला "श्री"च्या पुढचे काही वाचता आले नव्हते.

भार्गवीने पडदा शेजारी बसलेल्या आप्पांकडे वळवला. "आप्पा, हे तुम्ही केलंत?"

आप्पांनी चष्मा लावून स्वतःचे अक्षर कौतुकाने वाचले. "मीच. तू अलोऱ्याला केळवणाला गेली होतीस ना, तेव्हा तुझे बाबा होते इथे, त्यांनी कागद स्कॅन करून दिला. पासवर्ड निमंत्रक म्हणून माझ्याकडे होताच. अक्षर बरं आलंय, नाही?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"त्यात बोलायचं काय? नवं घर झालं, पाहुण्याला आधी मूळघरी पाठवलं. तू रोज देवापुढे दिवा लावतेस ते मला फोन करून सांगतेस काय?"

"अहो, पण तिकडे यज्ञेशदादांनी जुन्या घरातून नव्या घरी पाठवायला लावलंय!"

"त्याने पाठवू नये."

भार्गवीने कपाळाला हात लावला. मग तिला सुचले. "आप्पा, समजा रत्नागिरी एक्स्चेंजला कॉल आला. ऑपरेटरने तो चिपळूणला ढकलला. चिपळूणच्या ऑपरेटरने तोच परत रत्नागिरीला ढकलला. रत्नागिरीने परत चिपळूणला. तर?"

"तर दोघांनाही सस्पेंड करावं!" आप्पा गरजले. समोरच्या मांजराने पोती गाठली. "ऑपरेटर आहेत की गाढव? तिकडे माणूस रिसीव्हर धरून ताटकळतोय, आणि हे मेले..."

मग ते थांबले. त्या दोघांतला एक ऑपरेटर कोण, हे त्यांना हळूहळू, त्या चित्रासारखेच, पट्टी-पट्टीने दिसू लागले असावे.

"हां," आप्पा म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलण्याची त्यांची ही आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. पण लगेच मान वर झाली. "चूक कबूल. पण ती ओळ काढायची नाही. मूळघर ओलांडून जायचं म्हणजे काय? मत गेलं तर जाऊ दे."

हसावे की नाही हे भार्गवीला कळेना. तिने घावन्याचा तुकडा तोंडात टाकला आणि विचार केला. मग विचारले,

"आप्पा, तुमच्याकडे नवी सून मूळघरी कधी जाते?"

"पहिल्यांदा. घरात पाऊल टाकायच्या आधी."

"आणि नंतर? रोज बाजारातून भाजी घेऊन आली की पालीला जाऊन मग घरी येते?"

"काहीतरीच काय! एकदा गेली की झालं."

"मग पाहुण्यांनाही एकदाच पाठवू या. पहिल्यांदा येईल त्याला मूळघरी नेऊ. तिथे गेला, की त्याच्या कॉम्प्युटरवर आपण एक बारीक खूण करून ठेवू. दुसऱ्यांदा आला, की खूण बघून नव्या घरातच बसवून घेऊ."

डबा उघडून बसलेल्या कमलाकाकूंनीच निकाल दिला. "म्हणजे ओटी भरलेली आहे की नाही ते बघून आत घ्यायचं. बरोबर आहे गो. रीतसर आहे. अहो, हो म्हणा आता, तिचं घावन गार होतंय."

आप्पा हो म्हणाले. राहिला यज्ञेश. जुन्या पानातली त्याची ढकलणारी ओळ काढून, तिथे मूळघराच्या फोटोखाली नुसते दार, म्हणजे एक बटण, ठेवायला हवे होते: दर्शन झाले की पाहुण्याने आपल्या हाताने दाबावे आणि नव्या घरी यावे. यज्ञेश फोनवर म्हणाला, "हे टेक्निकली चुकीचं आहे. माणूस नव्या पत्त्यावर आला तर त्याला जुन्याकडे कशाला पाठवायचं? असं जगात कोणी करत नाही."

"दादा, तुमचं लग्न झाल्यावर तुम्ही वहिनींना घेऊन पालीला गेला होतात?"

"आईने नेलं होतं. गाडी लागली होती हिला."

"पण गेलात ना?"

"गेलो होतो."

"जगात असं कोणी करतं?"

यज्ञेश हसला. "बरं. काढतो ओळ. पण लिहून ठेव, या खुणेच्या भानगडीत कोणाला तरी दहा वेळा दर्शन घडणार."

तसे इंदूरच्या आजींना घडले. त्यांच्या नातवाने कॉम्प्युटरमधल्या खुणा पुसायची सोय सुरू करून ठेवली होती, त्यामुळे आजी रोज पहिल्यांदाच येत. त्यांची काही तक्रार नव्हती.

आणि मग कोणाच्याच ध्यानात न आलेली गोष्ट घडली. मत द्यायला येणारा प्रत्येक फणसळकर आधी मूळघरी उतरू लागला. समोर तो लाल चिऱ्याचा फोटो, ते सारवलेले अंगण, देवघराच्या दारात काशीने लावलेला दिवा. ज्यांनी ते घर कधी बघितले नव्हते तेही जरा वेळ तिथेच थांबत. मग दार दाबून नव्या घरी येत, आणि तिथे त्यांना विचारलेले असे: संमेलन पुण्याला की रत्नागिरीला? पाडव्याला मते मोजली तेव्हा पुण्याच्या बाजूला मोजायला फारसे काही नव्हते. यज्ञेशने फोन करून अभिनंदन केले आणि हे टेक्निकली चुकीचे होते असे पुन्हा सांगितले. त्याने स्वतः कुठे मत दिले हे त्याने सांगितले नाही. वहिनींनी सांगितले. रत्नागिरीला.

संमेलन त्याच वर्षी डिसेंबरात झाले. फणसळकर बसने, गाड्यांनी, कोकण रेल्वेने आले, आणि आप्पांनी त्यांना हॉटेलच्या खोल्या बघूही न देता सामानासकट पालीकडे वळवले. सगळे त्या अंगणात उभे राहिले. न्यू जर्सीचे गृहस्थ यज्ञेशच्या पाया पडले, कारण अंधारून आले होते आणि यज्ञेश उभा होता तिथेच देवघराचे दार आहे असे त्यांना वाटले. आप्पा पायरीवर उभे राहून ओरडत होते, "आधी पाय धुवा! दगडावर पाणी आहे! बडोदा, तुम्ही इकडून या! इंदूर, होल्ड करा!" भार्गवीला त्यांनी आपल्या शेजारी उभे केले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "ही आमच्यातलीच. हिने जोडून दिलं." काशीला दिवा लावायला जागा मिळेना, तेव्हा गर्दीतून तो हातोहात पुढे गेला. तो देवघरात पोहोचेपर्यंत आप्पा त्याच्याकडे बघत राहिले.

दोन वर्षांनी वेबसाइटच्या नव्या नावाची मुदत संपली. ती आप्पा वाढवून घेतील असे यज्ञेशला वाटले, आणि यज्ञेश घेईल असे आप्पांना वाटले. त्या पत्त्यावर आता गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या विकतात.